एकच घर असलेलं आडनाव

नांदेडला वर्ग सुरू केला तेव्हा पाटीवर मोठ्या अक्षरांत 'जर्मन' आणि त्याखाली 'भाषा शिकवली जाईल' असं लिहायला सांगितलं होतं. रंगाऱ्यानं खालची ओळ इतकी बारीक काढली की रस्त्यावरून ती दिसतच नव्हती. पहिल्या आठवड्यात आलेली सगळी गिऱ्हाइकं पातेली बघायला आलेली होती. आमच्याकडं ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात, त्यामुळं शेखांच्या घरात नवीन दुकान निघालं असा बायकांचा समज झाला. एका आजीबाईंना मी समजावून सांगितलं की आजी, जर्मन ही भाषा असते. त्यांनी माझी कीव केल्यासारखं बघितलं आणि विचारलं, "मग झाकण्या तरी हायेत का?"

मी घड्याळवाल्याची मुलगी. हैदराबादला खालाकडं, म्हणजे मावशीकडं राहून जर्मन शिकले. का शिकले याचं धड उत्तर माझ्याकडं आजही नाही. अब्बांच्या दुकानात एक जुनं जर्मन घड्याळ होतं आणि त्याच्या तबकडीवरची अक्षरं कुणालाच वाचता येत नव्हती, एवढंच आठवतं. परत आले तेव्हा नांदेडात जर्मन बोलायला दुसरं माणूस नव्हतं. बरीच वर्षं तेलगिरण्यांच्या आणि पंपांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं करून काढली. नातेवाईक विचारायचे, तेव्हा अम्मी सांगायची की पोरगी मशीनच्या कामात आहे.

मग काळ फिरला. जर्मनीत म्हातारी माणसं वाढली, त्यांना सांभाळायला नर्सेस कमी पडायला लागल्या, आणि आमच्या मुदखेड, नायगाव, लोह्याच्या नर्सिंग झालेल्या मुली माझ्या दारात उभ्या राहिल्या. खोली भरली, मग गच्चीवर पत्रे टाकले, तेही भरले. आठवड्यातून दोन दिवस लातूरलाही शिकवायला लागले, कारण लातूरला नाही असा एकच क्लास उरला होता तो जर्मनचा. पहाटेची बस धरायची, अहमदपूरच्या स्टँडवर चहा घ्यायचा आणि दिवसभर ओरडून घसा बसवून घ्यायचा. मला हे काम मनापासून आवडतं. माझा स्वभाव तापट आहे असं मुली म्हणतात. मी त्याला शिस्त म्हणते.

बाहेरच्या लोकांना वाटतं की भाषेची परीक्षा पास झाली की मुलगी विमानात बसली. तसं नसतं. परीक्षेनंतर मुलाखत असते. तिकडच्या दवाखान्याची नाहीतर वृद्धाश्रमाची प्रमुख बाई संगणकाच्या पडद्यावर येते, अर्धा-पाऊण तास बोलते आणि ठरवते की ही मुलगी माझ्या म्हाताऱ्यांजवळ चालेल की नाही. तिथं मार्क नसतात. म्हणून मी मुलींकडून उत्तरं घोकून घेते. जर्मनीतच का यायचंय, रात्रपाळी चालेल का, एखादा म्हातारा अंगावर ओरडला तर काय कराल. ही उत्तरं माझ्या वर्गात भिंतीसुद्धा म्हणू शकतील.

आडनावांचा धडा मात्र मी अगदी सुरुवातीला घेते, कारण मुली जर्मन आडनावांना फार घाबरतात. मी फळ्यावर लिहिते: म्युलर म्हणजे गिरणीवाला, श्नायडर म्हणजे शिंपी, श्मिट म्हणजे लोहार. मग गावावरून पडलेली नावं. आपण गावाला 'कर' लावतो, ते बऱ्याचदा 'अर' लावतात, बस. लगेच वर्गात धिंगाणा सुरू होतो. मुली स्वतःला मुदखेडर, नायगावर, अहमदपूरर म्हणवून घेतात, देगलूरकडची एखादी 'वार'नं संपणाऱ्या आडनावाची मुलगी आपल्या 'वार'ला जर्मनीत जागा आहे का म्हणून भांडते, आणि भीती पार पळून जाते.

मग हमखास एक प्रश्न येतो. मॅडम, त्यांच्यात पण आडनावावरून माणूस कळतं का? माणूस कळतं का म्हणजे काय, हे विचारणारीला माहीत असतं आणि मलाही. मी सांगते, आता नाही कळत. तिथं लोहार डॉक्टर असतो आणि शिंपी मास्तर असतो, कुणी त्यांना आठवणसुद्धा करून देत नाही.

या प्रश्नाचं मला वावडं आहे आणि त्याला कारण आहे. लातूरला वर्गासाठी खोली शोधत होते तेव्हाची गोष्ट. घरमालक छान बोलायचे, खोली दाखवायचे, पंखा लावून दाखवायचे. मग अगदी सहज विचारायचे, "मॅडम, आडनाव काय म्हणलात?" मी शेख म्हणायचे. लगेच कुणाचा भाचा राहायला येणार असायचा, कुणाला त्याच खोलीत धान्य ठेवायचं असायचं. इतके भाचे लातूरला एकाच महिन्यात राहायला येतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. शेवटी एका निवृत्त पोस्टमास्तरांनी खोली दिली आणि आडनाव विचारलंच नाही, फक्त म्हणाले की चपला बाहेर काढत जा. त्या माणसाला मी आजही ईदला शीरखुर्मा पोचवते.

तेव्हापासून माझ्या वर्गाचा नियम झाला. कुणी कुणाला आडनावावरून काही विचारायचं नाही, आणि मुलाखतीत तर चुकूनसुद्धा नाही. हा नियम आमच्या भागातल्या माणसाला पाळायला किती अवघड आहे हे इथल्यांना वेगळं सांगायला नको. आपल्याकडं ओळख म्हणजे आडनाव, आडनावानंतर गाव, गावानंतर 'मग अमके तुमचे कोण', आणि हे सगळं एसटीत शेजारी बसल्यापासून पुढचा थांबा येईपर्यंत उरकायचं असतं. अहमदपूरचा व्यंकट म्हणून एक मुलगा होता. वर्गातला एकटा पुरुष, आणि कामाला फार चांगला. त्याची मुलाखत झकास झाली. शेवटी तिकडच्या साहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं की तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का. व्यंकटनं आडनावावरून त्यांचं मूळ गाव विचारलं, मग लग्न झालं का, मुलं किती, थोरला काय करतो. साहेब थंडपणे म्हणाले की कामाच्या जागी मी घरच्या गोष्टी बोलत नाही. व्यंकटला नकार आला. तो आता तिथंच दुसऱ्या दवाखान्यात आहे आणि वॉर्डातल्या सगळ्यांची मूळ गावं त्याला पाठ आहेत, पण तेव्हा मी त्याला वर्गासमोर इतकं झापलं की पुढं कित्येक महिने माझ्या मुली मुलाखतीत जर्मन माणसाचं आडनाव उच्चारायलाही घाबरत होत्या.

आता रोहिणीकडं येते.

रोहिणी कवठाळे नायगावची. वडील तिथल्या शाळेत शिपाई. तिघी बहिणी, ही थोरली. नांदेडच्या एका खाजगी दवाखान्यात पाळ्या करून माझ्याकडं यायची, शेवटच्या बाकावर बसायची आणि तिचं सगळ्यांत आधी लिहून व्हायचं. परीक्षेत उत्तम मार्क. पण पडद्यावर गोरं माणूस दिसलं की हिचा चेहरा दगडासारखा व्हायचा आणि घोकलेली उत्तरं एकाच सुरात बाहेर पडायची. दोन मुलाखतींत दोन नकार आले. दोन्हीकडून कळवलं होतं की मुलीची भाषा चांगली आहे, पण तिच्याशी बोलल्यासारखं वाटलं नाही. आमच्याकडून मुलींची नावं पाठवणाऱ्या संस्थेचा दंडक असा की तिसरा नकार आला की नाव काढून टाकायचं.

घरी तर वेगळाच ताण होता. रोहिणीचे आजोबा घरजावई म्हणून नायगावला आले होते. घरजावई आपलं आडनाव बरोबर घेऊन येतो आणि जन्मभर टोमणे ऐकतो, ही आपल्याकडची रीत. गावात कवठाळ्यांचं एकच घर, भाऊकी नाही, लग्नकार्यात पुढं व्हायला चुलते नाहीत. वडील एकुलते एक आणि त्यांना तिन्ही मुली. आईकडचे नातेवाईक तोंडावर सांगायचे की मुलींना शिकवून काय, कवठाळे तर तुमच्यापाशीच संपले. आता बोलणं चाललं होतं की यंदाही जर्मनीचं जमलं नाही तर चैत्राच्या आत लग्न उरकून टाकू, स्थळ तयार आहे. रोहिणीनं हे मला सांगितलं तेव्हा रडली नाही. नुसती पेनाचं टोपण उघडझाप करत राहिली.

तिसरी मुलाखत एका वृद्धाश्रमाची होती. वायव्य जर्मनीतलं छोटं गाव, आणि मुलाखत घेणाऱ्या प्रमुख बाईंचं नाव फ्राउ क्वेलब्रिंक. तिकडं आडनावाआधी बाईला फ्राउ आणि पुरुषाला हेर लावतात. मी इतकी वर्षं जर्मन शिकवते, पण हे आडनाव कधी ऐकलं नव्हतं. आडनाव ऐकलेलं नसलं की मला चैन पडत नाही, आणि हा रोग मी मुलींपासून लपवून ठेवला आहे. तिकडच्या आडनावांचे नकाशे इंटरनेटवर बघता येतात. नाव टाकलं की कुठल्या जिल्ह्यात किती लोक आहेत ते ठिपक्यांनी दिसतं. म्युलर टाकलं तर सगळा देश गोवर आल्यासारखा भरून जातो. क्वेलब्रिंक टाकलं तर नकाशा कोराच राहिला. मला वाटलं काहीतरी बिघडलं. मग नीट बघितलं तेव्हा वरच्या बाजूला, डावीकडं, एकच ठिपका होता.

रोहिणी माझ्या मागं उभी होती हे मला कळलंच नाही. ती हलक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, यांचं बी एकच घर हाय."

मी तिला ताबडतोब तंबी दिली. क्वेल म्हणजे झरा, ब्रिंक म्हणजे उतारावरचं गवताळ रान, एवढं समजून घे आणि विसरून जा, मुलाखतीत यातलं अक्षर काढलंस तर माझ्याशी गाठ आहे. तिनं मान हलवली. माझ्या धाकात वाढलेल्या मुलींची मान चांगली हलते.

मुलाखतीच्या दिवशी मी शेजारच्या गिरणीवाल्याला हात जोडून तासभर गिरणी बंद ठेवायला लावली. माझी पद्धत अशी की तिकडच्यांना आधीच सांगून ठेवायचं, शिक्षिका खोलीत आहे पण बोलणार नाही, आणि मग दाराशी स्टूल टाकून बसायचं. रोहिणीनं फिकट निळा पंजाबी ड्रेस घातला होता, केस चापून बांधले होते. पडद्यावर फ्राउ क्वेलब्रिंक आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, आखूड पांढरे केस, थकलेला चेहरा. दिवसभरात त्यांनी आणखी कितीजणींची तीच ती उत्तरं ऐकली असतील कोण जाणे.

सुरुवातीपासूनच घसरण. रोहिणी बोलत होती, व्याकरणात एक चूक नाही, आणि मी दाराशी बसून बघत होते की बाईंचे डोळे हळूहळू तिच्यावरून दुसरीकडं चाललेत. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. आमच्याकडं एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांना बरंचसं काही आठवत नाही, आंघोळ म्हटलं की हात उगारतात, तुम्ही काय कराल? रोहिणीनं घोकलेलं उत्तर दिलं. मी शांत राहीन, मी त्यांचा आदर करीन, मी वरिष्ठांना कळवीन. माझंच उत्तर, माझ्याच शब्दांत, आणि ते ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की ते किती कोरडं आहे. बाईंनी पेन खाली ठेवलं. आता तुम्हाला काही विचारायचंय का, असं त्या म्हणाल्या, पण ते निरोप दिल्यासारखं होतं.

यावर काय विचारायचं तेही मी शिकवलेलं होतं. रोहिणीनं तोंड उघडलं आणि ती थांबली. एवढा वेळ थांबली की मला वाटलं नेट गेलं. मग तिनं जर्मनमध्ये विचारलं, "तुमच्या आडनावाची घरं किती आहेत?"

मी स्टुलावरून उठून दोन्ही हात हलवले. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.

बाई म्हणाल्या, "काय विचारलंत?"

रोहिणी म्हणाली की नकाशावर एकच ठिपका दिसला. आमच्याकडं अशा नावाला एकच घर असलेलं नाव म्हणतात. मला वाटलं विचारावं की दुसरं कुणी आहे का.

मी पुन्हा स्टुलावर बसले, कारण आता उठून काही उपयोग नव्हता. मनातल्या मनात मी संस्थेच्या साहेबांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. बाईंनी चष्मा काढला. मग त्या सावकाश बोलायला लागल्या, आणि मुलाखत घेणाऱ्या बाईचा तो आवाज राहिला नाही.

क्वेलब्रिंक हे खरं तर माणसाचं नावच नव्हे, असं त्यांनी सांगितलं. ते एका शेताचं नाव. टेकडीच्या उतारावर झरा होता, झऱ्याकाठी घर आणि शेत. त्या म्हणाल्या, आमच्या भागात पूर्वी रीत होती की जो त्या शेतावर राहायला येईल त्यानं शेताचं नाव घ्यायचं. माझे पणजोबा लग्न करून मुलीच्या घरी आले ते दुसऱ्याच नावानं, आणि गावानं त्यांना त्याच दिवसापासून क्वेलब्रिंक म्हणायला सुरुवात केली. शेत एक, म्हणून घर एक. आता शेत राहिलं नाही, भाऊ गेला, मला मूल नाही. वडील आहेत, ते याच आश्रमात वरच्या मजल्यावर राहतात. त्यांना माझं नाव आठवत नाही. कुणी त्यांचं नाव विचारलं तर मात्र सांगतात, झऱ्यावरचा क्वेलब्रिंक.

आंघोळीला हात उगारणारे गृहस्थ कोण ते मला तेव्हा उमगलं. रोहिणीला माझ्याआधी उमगलं होतं.

त्यानंतर ती पोरगी जी बोलत सुटली, तसं कुणाला बोलताना मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. देर, दी, दास या लिंगाच्या खुणांचा पार बोजवारा उडाला, क्रियापदं कुठल्या कुठं गेली, आणि बाई मात्र पुढं झुकून ऐकत होत्या. रोहिणीनं घरजावई आजोबांचं सांगितलं. तुमच्या पणजोबांना गावानं नाव दिलं, आमच्या आजोबांना टोमणे दिले, असं म्हणाली. तिघी बहिणींचं सांगितलं. बाईंनी विचारलं की नाव संपणार म्हणून तुमच्या वडिलांना वाईट वाटतं का. ती म्हणाली, ते दाखवत नाहीत. लोकांनी डिवचलं तर सांगतात, शाळेतली सगळी पोरं मला कवठाळेमामा म्हणतात, आणखी किती पाहिजेत? आमच्याकडं शाळेच्या शिपायाला पोरं मामा म्हणतात, हेही तिनं समजावलं. बाई हसल्या. खरंखुरं, मोठ्यानं हसल्या.

आणि मग रोहिणीनं न विचारता मघाचं उत्तर पुन्हा दिलं. तिचं मोडकंतोडकं जर्मन मी मराठीत जसंच्या तसं ठेवते. "तुमच्या वडिलांना मी आंघोळ म्हणणार नाही. मी विचारीन, हेर क्वेलब्रिंक, झऱ्याचं पाणी कसं होतं? थंड होतं? कुठपर्यंत यायचं, गुडघ्यापर्यंत? ते सांगतील. सांगता सांगता मी पाणी घालीन."

बाईंनी पडद्याबाहेर तोंड वळवलं. परत वळल्या तेव्हा डोळे लाल होते. त्यांनी एवढंच विचारलं की तुम्ही कधी येऊ शकाल.

मुलाखत संपल्यावर रोहिणी माझ्याकडं वळली ती घाबरूनच. म्हणाली, "मॅडम, रागावू नका. माझ्याच्यानं राहवलं न्हाई." मी रागावले नाही. मी तिला छातीशी धरलं आणि ओरडून गिरणीवाल्याला सांगितलं की कर रे बाबा चालू, काय दळायचं ते दळ. आडनाव विचारणं म्हणजे माणसाला दारातूनच परत पाठवणं, असं लातूरच्या त्या खोल्यांनी माझ्या डोक्यात भरवलं होतं. त्याच प्रश्नानं माणसाला घरात घेताही येतं, हे या पोरीनं मला दाखवलं. नियम मी त्याच आठवड्यात बदलला. आता मुलींना सांगते, विचारा, पण आधी ठरवा कशासाठी विचारताय. घोकलेल्या उत्तरांचा भरवसाही माझा कमी झाला आहे. इतक्या मुलींची बोलती मीच बांधून ठेवली होती याची हळहळ वाटते, पण त्याच वेळी हेही खरं की घोकून घोकून त्यांची भाषा पक्की झाली होती, म्हणून तर ती मोडायची हिंमत आली. शिक्षकानं थोडं श्रेय तरी घ्यायला हवं.

रोहिणी आता तिथं आहे. हेर क्वेलब्रिंक अजूनही अधूनमधून हात उगारतात. पण झरा विचारला की हात खाली येतो, आणि मग ते सांगत बसतात की लहानपणी झऱ्यात एक मासा होता आणि तो कुणालाच सापडला नाही. रोहिणी रोज नवीन ऐकल्यासारखं ऐकते. फ्राउ क्वेलब्रिंक मला सणाला शुभेच्छा पाठवतात. एकदा त्यांनी विचारलं की तुमच्या आडनावाची घरं किती. मी लिहिलं, नांदेडच्या स्टँडवर उभं राहून 'शेखसाब' अशी हाक मारली तर निम्मा स्टँड वळून बघेल.

पण मला सांगायचं आहे ते मुलाखतीच्या दुसऱ्या दिवसाचं. मी गच्चीवरच्या वर्गात शिकवत होते. दारात एक उंच, वाळलेला माणूस उभा राहिला. शाळेचा खाकी गणवेश, हातात पिशवी, पिशवीत तुरीच्या ओल्या शेंगा. रोहिणीचे वडील. सकाळची शाळा आटोपून तसेच आले होते. मुलींना दहा मिनिटं सुट्टी दिली आणि त्यांना बसायला खुर्ची दिली. ते बसेनात. शिपायाला शिक्षकासमोर बसायची सवय नसते, मग ती शिक्षिका दुसऱ्या गावची का असेना.

उभ्याउभ्याच त्यांनी सगळं विचारलं. थंडी किती असती, भाकरीचं पीठ मिळतं का, पोरीला एकटीला खोली देतेत का बरोबर कुणी असतं. मी सगळ्याची उत्तरं दिली. ते पिशवीचे बंद पिरगळत राहिले. अजून काहीतरी राहिलं होतं आणि ते ओठांवर येत नव्हतं.

शेवटी म्हणाले, "मॅडम, एक विचारतो. तिथं तिला हाक काय म्हणून मारतेत? सिस्टर म्हणून का?"

मी सांगितलं की हल्ली आडनावानंच बोलावतात.

"आडनावानं?"

"हो मामा. तिकडं कामावर मोठ्या माणसाला पहिल्या नावानं हाक मारत नाहीत. फ्राउ कवठाळे म्हणतील."

"समदे?"

"सगळे. डॉक्टर, म्हातारी माणसं, स्वयंपाकघरातली बाई, दारावरचा माणूससुद्धा. सकाळी आल्यापासून घरी जाईपर्यंत. छातीवर नावाची पट्टी असते, तिच्यावरही तेच."

त्यांनी ते नाव एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. फ्राउ कवठाळे. मग खुर्चीवर बसले. पिशवी मांडीवर घेतली आणि हमसून हमसून रडायला लागले. पोरांच्या मामा म्हणण्यावर इतकी वर्षं हसून वेळ मारून नेणारा तो माणूस, आत केवढं दडपून बसला होता ते तेव्हा कळलं. मलाही रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. वर्गातल्या मुली जिन्यात उभ्या राहून बघत होत्या, त्यांनाही मी त्या दिवशी हटकलं नाही.

थोड्या वेळानं खालच्या टपरीवरचा शकीलभाई चहा घेऊन आला. रडणाऱ्या अनोळखी माणसाला बघून बिचकला आणि मला हळूच विचारायला लागला की काही वाईट झालं का. कवठाळेमामांनी बाहीनं तोंड पुसलं, उठून उभे राहिले आणि स्वतःच त्याला सांगितलं, "न्हाई भाई, चांगलं झालं. आमची आता दोन घरं झाली."

"कुणाची?"

"कवठाळ्यांची," ते म्हणाले. "एक नायगावला हाय, एक जर्मनीला."